तिसऱ्या खांबापर्यंत

छटाक हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. सोळाव्या वर्षी तो शर्यतीच्या मैदानावर नोकरीला लागला, वजनाच्या काट्यावर चढला, आणि काटेवाल्यानं काट्यालाच दोन थापट्या मारल्या. त्याला वाटलं, काटा अडकलाय. तेव्हापासून छटाक. आता साठीला दोन वर्षं उरली, केस पिकले, मुलीच्या लग्नाला चार वर्षं झाली, पण वजन तेच आणि नावही तेच. तीस वर्षं त्यानं लोकांचे घोडे पहाटे पळवून शर्यतीसाठी तयार केले. नाव घोड्याचं, बक्षीस मालकाचं आणि दुखणारी कंबर तेवढी छटाकची, असा तो सगळा मामला होता.

कंबर दुखायची ते खरं होतं. गुडघा दुखायचा ते खोटं होतं, आणि ही गोष्ट त्या खोट्या गुडघ्याची आहे.

शर्यतीचं मैदान सुटल्यावर तो शहराच्या कडेला, घोडेस्वारीच्या एका शाळेत शिकवायला आला. सात ठाणांचा तबेला, मागे लाकडी कठड्याचं गोल रिंगण, खोगिरांची खोली, आणि तिच्या डोक्यावर दोन खोल्या. त्यात छटाक आणि त्याची बायको राहायची. पुढे हिरवं लोखंडी फाटक. फाटकाबाहेर रस्ता, रस्त्याच्या कडेनं दिव्याचे खांब, तिसऱ्या खांबाशी वळण, आणि वळणापलीकडे पाचव्या खांबाजवळ बसथांबा. फाटकातून तो थांबा दिसत नाही. छटाकनं तो शेवटचा पाहिला त्याला नऊ वर्षं झाली होती, कारण नऊ वर्षांत त्यानं फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

कारण विचाराल तर सांगण्यासारखं काही नाही. कुणी मेलं नाही, अपघात झाला नाही, कुणाशी भांडण नाही. एकदा पोस्टात रांगेत उभा असताना त्याच्या छातीत धडधडायला लागलं, हात बधिर झाले, समोरची खिडकी लांब लांब जायला लागली आणि आपण आता मरतो अशी त्याची खात्री पटली. मेला नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, काही झालेलं नाही, खा, प्या, झोपा. पुढच्या महिन्यात हेच बाजारात झालं. मग बसमध्ये, मग चौकात. जिथं झालं तिथं तो पुन्हा जायचा नाही. असं करत करत जग आटत आटत फाटकापाशी आलं आणि तिथं थांबलं. आतल्या आवारात तो राजा होता. बेडकाला विहीर असते तसं ते आवार होतं, फक्त बेडकाला बाहेरचं माहीत नसतं आणि याला चांगलं माहीत होतं.

हे फक्त बायकोला ठाऊक होतं. बाकीच्यांसाठी गुडघा. आणि गुडघाही असा गुणी की फाटकाकडे जाताना लंगडायचा आणि परत येताना ठणठणीत असायचा. मुलीचं लग्नसुद्धा छटाकनं रिंगणात उरकलं. पाहुण्यांना घोडे बघायला मिळतील, असं कारण सांगितलं. नवरामुलगा भला माणूस. खुर्च्या घोड्यांपासून किती लांब मांडणार, एवढंच त्यानं विचारलं. मुलीचं घर बसनं तीन तासांवर, आणि गंमत बघा, मुलगी बसचालक. रोज चाळीस माणसांना इकडून तिकडे पोचवते, आणि तिचा बाप थांब्यापर्यंत येत नाही. चार वर्षांत त्यानं तिचं घर पाहिलं नव्हतं. तिनं फोनवर विषय काढला की इकडे गुडघा दुखायला लागायचा.

आता दुसरा जावई. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मालकीणबाईंनी शर्यतीतून निवृत्त झालेला एक घोडा आणला. उंच, तांबडा, कपाळावर बोटभर पांढरा ठिपका. नखरे असे की चंदीचं घमेलं नेहमीच्या जागेवरून हातभर सरकलं तर तोंड लावायचा नाही, आणि आंजारल्यागोंजारल्याशिवाय ठाणातून पाय बाहेर काढायचा नाही. छटाकची बायको वरच्या खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "अगंबाई, जावई आलाय म्हणायचा. मानपान केल्याशिवाय उठत नाही." नाव चिकटलं ते चिकटलं.

छटाकचा त्याच्यावर जीव जडला. शर्यतीच्या घोड्याचा जन्म काय असतो ते त्याच्याइतकं तिथं कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी पाठीवर खोगीर. मग रोज तेच मैदान, तोच कठडा, एकाच बाजूचं वळण, आणि पुढेमागे चार घोडे सोबतीला. एकटा तो कुठे गेलेलाच नसतो. कचऱ्याचा डबा, छत्री, सायकल, वाळत घातलेली चादर, असल्या वस्तू त्याच्या जगात नसतात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट लगामाची. साध्या घोड्याचा लगाम ओढला की तो थांबतो. शर्यतीच्या घोड्याचा लगाम आखूड धरून आवळला की तो पळतो, कारण शर्यत सुटताना जॉकी हात आवळतो आणि घोडा त्या हातावर भार टाकून धावतो. शर्यत संपली की लगाम टोकापर्यंत सैल सोडतात. मग घोडा समजतो, झालं, आता घरी. एवढी एकच भाषा तो शिकलेला असतो. म्हणून जावयावर बसणाऱ्या प्रत्येकाला छटाक पहिल्याच दिवशी बजावायचा, "भीती वाटली तर हात सोडा. आवळलेत तर याला वाटेल शर्यत लागली, मग तुमचं तुम्ही बघा."

मालकीणबाई मुळात कमी बोलणाऱ्या. बातमी वाईट असली की आणखी कमी. एका सकाळी त्या चहाचा कप घेऊन रिंगणाच्या कठड्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "छटाकभाऊ, रिंगणाची जागा चालली. नवा रस्ता होतोय. दीड महिन्यात कुंपण ठाणांच्या पाठीला लागेल."

"मग शिकवायचं कुठं?"

"बाहेर. तळ्यापर्यंत जायचं, तळ्याला फेरी मारायची, परत यायचं. बाकीचे सहा घोडे रस्त्याला सरावलेत. हा नाही." त्यांनी जावयाकडे मान वळवली. "जो बाहेर जाईल तो राहील. एक व्यापारी बघून गेलाय याला."

तो व्यापारी दहा वर्षांच्या घोड्याचं पुढे काय करतो, हे तबेल्यात कुणी कुणाला विचारत नसे. सगळ्यांना माहीत होतं.

"मला दीड महिना द्या बाई," छटाक म्हणाला.

"दिला. एकदा तळ्यावर जाऊन गुपचूप परत आला, तरी ठेवीन मी त्याला."

बाई घोड्याबद्दल बोलत होत्या. छटाकला मात्र प्रत्येक वाक्य आपल्याबद्दल ऐकू येत होतं. त्या दिवशी तो विनाकारण दोन्ही पायांनी लंगडला.

त्यानं युक्ती काढली. जावयाला बाहेर न्यायच्या आधी बाहेरचं जग आत आणायचं. युक्ती वाईट नव्हती. चांगले शिकवणारे असंच करतात. फक्त त्यात सोय कुणाची होती, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. रिंगणात कचऱ्याचा डबा आला. बायकोची छत्री आली, उघडमीट करायला. कठड्याला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, जमिनीवर निळी ताडपत्री अंथरली, टपालवाल्याची सायकल दहा मिनिटांसाठी उसनी घेतली. बायको वरच्या खिडकीत दोन पातेली एकमेकांवर आपटायची, म्हणजे रस्त्यावरचा गोंगाट. पहिल्या दिवशी जावई छत्रीला बुजून उभा थरथरला. चौथ्या दिवशी त्यानं छत्रीची मूठ चघळली. दहाव्या दिवशी तो ताडपत्रीवर उभा राहून पेंगायला लागला, आणि कचऱ्याच्या डब्यात तोंड घालून काही खाण्यासारखं आहे का ते बघायला लागला.

"बघ," छटाक बायकोला म्हणाला, "कशालाही भीत नाही आता."

"जग आत आणून झालं असेल," बायको पातेली पुसत म्हणाली, "तर आता एकदा बाहेर जा."

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बायकोनं फाटक उघडलं आणि छटाक जावयावर बसून बाहेर पडला. नऊ वर्षांनी. बसायला काय, घोड्यावर त्याला कुणी हरवणारं नव्हतं. घोडा असला की धीर राहील, असं त्याला वाटलं होतं. पहिल्या खांबापर्यंत राहिलाही. मग फाटक पाठीमागे गेलं, ते डोळ्यांच्या कडेतूनही दिसेना, आणि छातीत ते सुरू झालं. जावयाची मान खांबासारखी ताठ झाली. तो तिरका तिरका चालायला लागला, मानेवर घाम फुटला, नाल रस्त्यावर टकटक वाजायला लागले. दुसऱ्या खांबाशी कचऱ्याचा डबा होता. जावयानं जागच्या जागी गिरकी घेतली आणि जो उधळला तो फाटकातून थेट आपल्या ठाणात. छटाक गोचिडासारखा पाठीवर चिकटून होता. 

"डब्याला बुजला," तो म्हणाला.

"असाच डबा ना?" बायको म्हणाली. "रिंगणातल्या डब्यात तो रोज तोंड घालून बसतो."

दुसऱ्या वेळी गटाराच्या जाळीला बुजला. तिसऱ्या वेळी लाल मोटारीला. चौथ्या वेळी एका बाईच्या हातातल्या भाजीच्या पिशवीला. दर वेळी छटाक कुणाला तरी पाठवून तसली वस्तू आणवायचा, रिंगणात जावयापुढे ठेवायचा आणि जावई तिच्याकडे ढुंकून बघायचा नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. छटाकनं तर अंगणातली प्रत्येक फरशी वाकडी ठरवली. दुसऱ्या खांबापुढे मात्र ते दोघं एकदाही गेले नाहीत.

पाचव्या वेळी मालकीणबाई फाटकाशी उभ्या होत्या. सगळं पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "रविवारी शेवटचं बघते. नाहीतर सोमवारी गाडी येईल."

दुपारी छटाक जेवला नाही. जावयाच्या ठाणात पेंढ्यावर जाऊन बसला. जावयानं त्याच्या टोपीचा वास घेतला, मग तोंड त्याच्या खांद्यावर टेकवलं आणि डोळे मिटले. दहा वर्षांचा घोडा, एवढासा गुन्हा नाही, आणि सोमवारी त्याला गाडीत चढवायचं. तेही आपणच, कारण आपल्या हाताशिवाय तो ठाणातून बाहेर येत नाही. छटाकला रडू आलं. तो रडला, आणि मग कुणी बघितलं नाही ना म्हणून दाराकडे बघितलं. दारात बायको होती.

"पोरीला बोलावलंय मी," ती म्हणाली.

"सांगितलंस तिला?"

"नाही. ते तुम्ही सांगा. नऊ वर्षं तुमचा गुडघा मी सांभाळला. आता माझ्याच्यानं होत नाही."

मुलगी शुक्रवारी आली, थेट कामावरून, चालकाच्या खाकी शर्टात. छटाक नेहमीसारखा फाटकाच्या आतल्या बाजूला उभा राहिला आणि ती आत आल्यावर पुढे झाला. ती लहानपणी बापाच्या पुढ्यात खोगिरावर बसून वाढलेली. तिनं जावयाच्या पायांवरून हात फिरवला, तोंड उघडून दात पाहिले आणि म्हणाली, "झकास आहे की. उद्या मला दाखवा काय करतो ते."

शनिवारी सकाळी तिनं पाहिलं. ती पदपथावरून घोड्याच्या बरोबरीनं चालत होती. दुसऱ्या खांबाशी व्हायचं तेच झालं. आत आल्यावर तिनं लगाम धरला आणि बापाला उतरू दिलं.

"कशाला बुजला?" तिनं विचारलं.

"डबा. पुन्हा तो डबाच."

"बाबा, त्याचे कान बघितलेत?"

"कानांचं काय?"

"डबा उजव्या हाताला होता. घोडा ज्याला भितो त्याच्याकडे कान टवकारतो, हे तुम्हीच मला शिकवलंय. याचे दोन्ही कान मागं होते. तुमच्याकडे." तिनं त्याचे हात पालथे-उताणे केले. तळव्यांवर चामड्याचे वळ उमटले होते. "आणि हे बघा. वीतभर लगाम उरला होता. त्या बिचाऱ्याला वाटलं, शर्यत लागली."

छटाकचं डोकं फिरलं. "तू मला शिकवणार? तीस वर्षं मी घोडे... बस चालवायला लागलीस म्हणून काय..."

"बसमध्ये भ्यालेला माणूस मला आरशात कळतो," मुलगी शांतपणे म्हणाली. "तो पुढच्या दांडीला असंच धरून बसतो. बरं, गुडघा कुठला दुखतो तुमचा?"

"हा. उजवा."

"मागच्या खेपेला डावा होता."

 खोगीर उतरवायच्या निमित्तानं तो घोड्याच्या पलीकडे गेला आणि बराच वेळ एकच पट्टा सोडत राहिला. लाज वाटली. मुलीपुढे पकडलं गेल्याची तर वाटलीच, पण तिच्याहून मोठी लाज दुसरीच होती. सहा वेळा हा घोडा मान ताठ करून त्याला विचारत होता, पळू का? काय झालंय? आणि सहाही वेळा याच्या हातांनी सांगितलं होतं, पळ. मग याच तोंडानं येऊन सगळ्यांना सांगायचं, घोडा भित्रा आहे. जगभराला 'हात सोडा' सांगणारा हा गुरुजी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि त्याची शिक्षा मात्र जावयाला होणार होती.

रविवारी सकाळी मालकीणबाई कप घेऊन फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, मी नेते त्याला."

"नको. मीच नेतो," छटाक म्हणाला. घोड्याला आपण बिघडवलं, तर आपणच सरळ करावं, एवढीच त्याची बुद्धी त्या वेळी चालत होती. "तू खांद्याशी चाल. त्याला सोबतीची सवय आहे."

"मग लगाम टोकाला धरायचा. दुसरा हात आयाळीत."

फाटक उघडलं. छटाकनं जावयावर बसून लगामाचं टोक दोन बोटांत धरलं आणि दुसऱ्या हाताची बोटं आयाळीत खुपसली. पहिला खांब. मुलगी खांद्याशी चालत चालत भलत्याच गप्पा मारत होती. तिच्या बसमध्ये एक म्हातारा रोज चढतो आणि रोज चुकीच्या थांब्यावर उतरतो, असं काहीतरी. दुसरा खांब. डबा आला. जावयानं मान लांब करून डबा हुंगला, आत आज काही नाही असं बघून फुरफुरला आणि पुढे निघाला. मागून मालकीणबाईंचा खोकला ऐकू आला. तिसरा खांब. रस्ता वळला, आणि वळणापलीकडे तो बसथांबा दिसला. तसाच. छप्पर तेवढं नवीन होतं.

आणि तिथं छटाकच्या छातीत ते उठलं. वाट बघत बसल्यासारखं. कानात शीळ वाजायला लागली, रस्ता लांब लांब जायला लागला, तोंड कोरडं पडलं. दोन बोटांचा हात मुठीचा झाला, आणि मूठ लगामावरून पुढे सरकायला लागली. त्याला न विचारता. तीस वर्षांचे हात ते.

जावयाचे दोन्ही कान मागे फिरले.

छटाकनं ते कान पाहिले. त्यानं मूठ उघडली, लगाम मुलीच्या अंगावर टाकला आणि खाली उतरला. उतरला कसला, घसरला.

"बाबा, थोडंच राहिलंय!"

"मी वर बसलो तर हा पळेल. पळाला तर जाईल." त्यानं खांब धरला. "गुडघा नाही दुखत गं. कुठलाच नाही. मला बाहेर येववत नाही. नऊ वर्षं झाली. छातीत असं होतं, आणि मला वाटतं मी मेलो."

मुलगी लगाम हातात धरून उभी राहिली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "तुम्हाला आमच्याकडे यायचंच नाही. मी बस चालवते म्हणून. तुम्हाला ते आवडलं नाही, असं मी ह्यांना सांगून बसले."

"अगं, आवडत नाही कसं?" छटाक म्हणाला. "रोज तुझ्या आईला विचारतो, आज ती कुठल्या रस्त्याला असेल." आणि मग घाईनं म्हणाला, "जा तू. त्याला ताटकळत ठेवू नकोस. लगाम सैल, टोकाला धर. जा."

ती चढली. जावयानं एकदा मान वळवून छटाककडे पाहिलं. मग त्याचे कान पुढे झाले, आणि तो डुलत डुलत, लोंबता लगाम घेऊन बसथांब्यावरून पुढे गेला, एका ट्रकला वाट दिली आणि तळ्याच्या रस्त्याला लागून दिसेनासा झाला. इतका साधा. इतका शांत. छटाकच्या मनात आनंद मावत नव्हता, आणि त्याच मनात एक काटाही रुतला. घोड्याला कधीच काही झालेलं नव्हतं.

आता त्यानं घरी परतायचं, तर पाय हलेना. पुढे दोन खांबांवर थांबा, मागे तीन खांबांवर फाटक, आणि मध्ये हा खांबाला मिठी मारून. पुढे जाववेना, मागे फिरवेना. येणारी-जाणारी माणसं बघायला लागली. एकानं विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" छटाकच्या ओठांवर गुडघा आला होता. तो त्यानं गिळला. "नाही वाटत," तो म्हणाला, आणि तो माणूस मागे बघत बघत पुढे गेला.

थोड्या वेळानं बायको आली, हातात स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन. छटाकला वाटलं, आपल्यासाठी आणलंय. तिनं ते खांबाशी ठेवलं आणि त्यावर स्वतः बसली. "तुम्ही उभे राहा," ती म्हणाली, "तुमचे गुडघे चांगले आहेत." छटाकला त्या अवस्थेतही हसू फुटलं. हसल्यावर छाती जरा मोकळी झाली, जरा म्हणजे जराच.

पाऊण तासानं जावई आला. खूर ओले, पोटाला तळ्यातला चिखल, कान पुढे. तोवर मालकीणबाईही खांबापर्यंत चालत आल्या होत्या. त्यांनी घोड्याकडे पाहिलं, खांबाला धरलेल्या माणसाकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं.

"घोडा राहिला," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "छटाकभाऊ, तुम्हाला तळ्यापर्यंत शिकवायला जमणार नाही."

"नाही बाई."

"मग ठाणांचं बघा. खरारा, चंदी, नालबंदाच्या वेळा. त्यालाही माणूस लागतोच."

"लागतो," छटाक म्हणाला. बेचाळीस वर्षं तो घोड्यावर बसत आला होता, आणि ते असं रस्त्याच्या कडेला, एका वाक्यात संपलं. त्याला बाईंचा राग आला नाही. राग यायला त्या चुकीचं काही बोलल्या असत्या तर ना. मुलगी उतरली नाही. तिनं घोडा त्याच्या अंगाशी आणला, आणि छटाकनं रिकीब धरली. ती धरून, जमिनीकडे बघत, तो तीन खांब चालत घरी आला.

मुलगी संध्याकाळी पाचच्या बसनं परत जाणार होती. एरवी ती निघाली की छटाक फाटकापर्यंत लंगडत यायचा आणि घोड्यांना पाणी दाखवायचंय म्हणून लगेच पाठ फिरवायचा. ती वळणाआड जाताना बघवत नसे. त्या दिवशी त्यानं जावयाला ठाणातून काढलं, साधी दोरी लावली आणि म्हणाला, "चल, सोडतो तुला."

"कुठपर्यंत?"

"तिसऱ्या खांबापर्यंत."

तो लंगडला नाही. एका हातात दोरी, दुसरा हात आयाळीत, आणि जावई त्याच्या चालीनं हळूहळू. तिसऱ्या खांबाशी तो थांबला. मुलगी म्हणाली, "दोनच खांब राहिलेत, बाबा." त्यानं मान हलवली.  तिनं जावयाच्या कपाळावरच्या ठिपक्यावर हात फिरवला, बापाच्या टोपीवर फिरवला, आणि ती निघाली.

छटाकनं तिला पाठमोरी जाताना पाहिलं. चौथा खांब, मग पाचवा. ती थांब्याच्या नव्या छपराखाली उभी राहिली, तिनं पिशवी खाली ठेवली, घड्याळ पाहिलं. हात वर करून तिनं 'या' अशी खूण केली, आणि मग नको, नको, अशी केली. बस आली. ती चढण्याआधी चालकाशी काहीतरी हसून बोलली. बसमध्ये ती कशी चढते, हे त्यानं नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतकी ती जवळ होती.

बस गेली. छातीतलं ते तसंच होतं, कमी झालं नव्हतं. छटाक खांबाला पाठ टेकून, डोळे मिटून उभा राहिला. दोरीला हलका ताण बसला. जावयानं तोंड घराकडे वळवलं होतं आणि तो एक पाऊल टाकून थांबला होता, दोन्ही कान मागे, छटाककडे लावून. छटाकनं दोरी सैल सोडली, आणि घोड्यानं त्याला घरी आणलं.